पोर्ट-ओ-प्रिन्सचा नकाशा

हिस्पानिओला बेटाच्या पश्चिम भागावर फ्रेंचांचा अंमल होता आणि आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम तेथल्या उसाच्या मळ्यांवर राबत होते, त्या काळात पोर्ट-ओ-प्रिन्स हे नव्याने वसवलेले शहर दोनदा भूकंपाने उद्ध्वस्त झाले. एकदा १७५१ साली आणि पुन्हा १७७० च्या जूनमध्ये. दुसऱ्या उत्पातानंतर वसाहतीच्या कारभाऱ्यांनी हुकूम काढला, की यापुढे शहरात दगडी बांधकाम करू नये, घरे लाकडाचीच उभारावीत. हुकूम शहाणपणाचा होता. पण तो काढणारी राजवटच पुढे चौतीस वर्षांत नाहीशी झाली. गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये हैतीचे स्वतंत्र राज्य स्थापिले. त्या स्वातंत्र्याला मान्यता देण्याचा मोबदला म्हणून फ्रान्सने १८२५ मध्ये पंधरा कोटी फ्रँकांची खंडणी लादली. आणि ती फेडता फेडता, व पुढे १९१५ पासून १९३४ पर्यंत अमेरिकी लष्कराचा अंमल सोसता सोसता, या देशाच्या खजिन्यात रस्ते, जमीनमोजणी आणि नगररचना यांच्या वाट्याला फारसे काही उरले नाही. जंगले तुटली, लाकूड महागले, वादळापुढे आणि आगीपुढे सिमेंटचे घर बरे असा लोकांचा अनुभव होता. तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीभोवतीच्या डोंगरउतारांवर, ओढ्यांच्या काठांवर, कोणाची परवानगी न घेता आणि कोणत्याही दप्तरात नोंद न होता, कमी सळईच्या आणि जड छपरांच्या घरांच्या रांगा चढत गेल्या. २००८ च्या मार्च महिन्यात शेजारच्या सांतो दोमिंगो शहरी भरलेल्या भूगर्भशास्त्रज्ञांच्या परिषदेत इशारा देण्यात आला होता, की राजधानीजवळून जाणाऱ्या एन्रिकिलो प्रस्तरभंगावर शतकानुशतके ताण साचलेला आहे आणि तो सुटला तर सात रिश्टरच्या पलीकडचा धक्का बसू शकेल.

तो धक्का १२ जानेवारी २०१० रोजी, स्थानिक वेळेप्रमाणे संध्याकाळी ४ वाजून ५३ मिनिटांनी बसला. तीव्रता ७.० होती, केंद्र राजधानीच्या पश्चिमेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर, लेओगान गावाजवळ. आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास जमीन हलली. किती माणसे दगावली याविषयी आजही एकवाक्यता नाही: हैती सरकारने तीन लाखांहून मोठा आकडा सांगितला, काही संशोधकांचे अंदाज त्याच्या निम्म्याहून कमी आहेत. लाखाच्या खाली मात्र फार थोडे अंदाज उतरतात. राष्ट्रपतींचा प्रासाद, संसद, कॅथेड्रल आणि बहुतेक मंत्रालये कोसळली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे मुख्य ठाणे ख्रिस्तोफर नावाच्या हॉटेलच्या इमारतीत होते. ती पडली आणि तिच्यात मोहिमेचे प्रमुख हेदी अनाबी यांचा अंत झाला. म्हणजे ज्यांनी मदतकार्याचा बंदोबस्त करायचा ती राज्यसंस्था आणि तिला आधार देण्यासाठी आलेली आंतरराष्ट्रीय संस्था, दोन्ही एकाच संध्याकाळी मस्तकविहीन झाल्या. या पडझडीत आणखी एक कचेरी होती, जिच्याकडे वर्तमानपत्रांचे लक्ष गेले नाही: देशाची भौगोलिक माहिती जतन करणारे राष्ट्रीय केंद्र. त्याचीही इमारत पडली आणि जे काही नकाशांचे दप्तर होते ते ढिगाऱ्याखाली गेले.

पहिल्या घटिकांमध्ये नकाशावाचून कोणाचे काही अडले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ढिगाऱ्यातून जी माणसे जिवंत निघाली त्यांतील बहुतेकांना शेजाऱ्यांनी हातांनी, पहारींनी आणि मिळेल त्या लोखंडी तुकड्यांनी काढले. कोण कोणत्या खोलीत होते हे शेजाऱ्याला ठाऊक असते. अडचण सुरू झाली ती बाहेरून मदत येऊ लागली तेव्हा. बंदराचा धक्का खचून क्रेन समुद्रात गेल्या होत्या. विमानतळाला एकच धावपट्टी, आणि नियंत्रण मनोऱ्याला तडे गेलेले. त्या एका धावपट्टीवर जगभरची शोधपथके, शस्त्रवैद्य आणि पाण्याचे साठे उतरू लागले. आणि उतरलेल्या प्रत्येक पथकाचा पहिला प्रश्न असा, की आता जायचे कोणीकडे? देल्मा नावाच्या हमरस्त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांना तेथे देल्मा १९, देल्मा ३३ असे क्रमांक आहेत, हे पोर्ट-ओ-प्रिन्सच्या पोराला ठाऊक. ते व्हर्जिनियाहून किंवा आइसलंडहून आलेल्या माणसाला कळावे कसे? कोणता रस्ता दरडीने बंद आहे, कोणत्या पुलावरून पाण्याची टाकी जाऊ शकेल, इस्पितळ उभे आहे की पडले, बेघर झालेली माणसे कोणत्या मैदानात जमली आहेत, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर एका कागदावर मिळत नव्हते. उपलब्ध भूमापन नकाशे कित्येक दशकांपूर्वीचे होते, आणि त्यांत ज्या डोंगरांवर झुडपे दाखवली होती तेथे आता लक्षावधी लोकांची वस्ती होती. संगणकावर दिसणाऱ्या प्रचलित नकाशांत शहराचे चार-दोन मोठे रस्ते तेवढे रेखलेले, बाकी सारा कोरा कागद.

मराठी वाचकाला या अभावाची कल्पना सहजी येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली, तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांवर कोसळलेले संकट काही कमी नव्हते. परंतु कोणते गाव कोणत्या तालुक्यात, त्याचे गावठाण कोठे, खातेदार किती, हे तलाठ्याच्या दप्तरात आणि मोजणी खात्याच्या नकाशात नमूद होते. महसुलासाठी केलेली ती शे-दीडशे वर्षांची उठाठेव आपत्तीत अशी कामाला येते. हैतीत जमिनीची संपूर्ण मोजणी आणि मालकीची सरकारी नोंदवही कधी पुरी झालीच नाही.

जगाच्या इतिहासात नकाशा हा बव्हंशी राजसत्तेचा मक्ता राहिला आहे. तोफा कोठून न्यायच्या आणि सारा कोणाकडून वसूल करायचा, या दोन गरजांतून मोजणीची खाती निर्माण झाली. आपल्याकडचे सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ मध्ये कंपनी सरकारने स्थापिले तेही याच हेतूने. सत्तेच्या हाती असलेली वस्तू सत्ता लपवूनही ठेवते. आपल्या देशात सीमेलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्याचे तपशीलवार नकाशे सामान्य नागरिकाला सुखासुखी मिळत नसत, आणि ही बंधने खऱ्या अर्थाने सैल झाली ती २०२१ च्या फेब्रुवारीत, म्हणजे तेच रस्ते प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर दिसू लागल्यानंतर कित्येक वर्षांनी. इंग्लंडमध्ये गुप्ततेचा जाच नव्हता, किमतीचा आणि परवान्यांच्या अटींचा होता. त्याला कंटाळून २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने ओपनस्ट्रीटमॅप नावाचा उद्योग आरंभिला: ज्याला जे रस्ते ठाऊक असतील त्याने ते रेखावेत, इतरांनी दुरुस्त करावेत, आणि तयार झालेला नकाशा कोणीही विनामूल्य वापरावा, छापावा, त्याच्या प्रती काढाव्यात. जाणत्या मोजणीदारांनी याला हौशी लोकांचा खेळ समजून नाक मुरडले, आणि पहिली पाच-सहा वर्षे ते फारसे चुकलेही नव्हते.

हैतीच्या भूकंपाची वार्ता पसरल्यावर काही तासांतच या मंडळींनी पोर्ट-ओ-प्रिन्सचा कोरा कागद भरायला घेतला. आरंभी त्यांच्यापाशी जुनी, अस्पष्ट उपग्रहचित्रे तेवढी होती. दुसऱ्या दिवशी, १३ जानेवारीला, जिओआय कंपनीचा उपग्रह शहरावरून गेला आणि अर्ध्या मीटरपर्यंतचा तपशील दाखवणारी त्याची छायाचित्रे लवकरच सर्वांना खुली करण्यात आली. डिजिटलग्लोबनेही तोच मार्ग धरला. पुढे जागतिक बँकेने विमाने पाठवून पंधरा सेंटिमीटर तपशिलाची चित्रे घेतली. मोठ्या आपत्तीत उपग्रहांची चित्रे विनामूल्य द्यावीत असा अवकाशसंस्थांमधला एक आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्यात आपली इस्रो २००१ पासून सहभागी आहे. तोही या प्रसंगी लागू झाला. ही चित्रे व्यापारी माल होती आणि एरवी त्यांवरून रेघ ओढून नकाशा करण्यास कंपन्यांची परवानगी नसे. ती या वेळी मिळाली. या सबंध प्रकरणात सर्वांत निर्णायक गोष्ट कोणती, असे विचारले तर उपग्रहांकडे किंवा संगणकांकडे नव्हे, या एका परवानगीकडे बोट दाखवावे लागेल.

काम मोठे कंटाळवाणे होते. जर्मनीतला कोणी विद्यार्थी, जपानमधला कोणी अभियंता, अमेरिकेतली कोणी ग्रंथपाल, आपापल्या टेबलाशी बसून छायाचित्रातली करडी रेघ निरखीत, ती रस्त्याची आहे की ओढ्याची हे ठरवीत, तिच्यावर बिंदूमागून बिंदू ठेवीत, आणि हा हमरस्ता, ही गल्ली, ही पायवाट असे शेरे मारीत. एका गोलार्धात रात्र झाली की दुसऱ्या गोलार्धात सकाळ होई, त्यामुळे काम थांबत नसे. निळ्या ताडपत्र्यांचा पुंजका दिसला की तेथे ‘आपोआप उभी राहिलेली छावणी’ अशी खूण केली जाई, पडलेल्या इमारतीला वेगळी खूण, दरडीने बंद झालेल्या रस्त्याला वेगळी. आकाशातून रस्ता दिसतो, परंतु त्याचे नाव दिसत नाही. म्हणून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने जुने नकाशे नव्या चित्रांवर बसवण्यासाठी केलेले साधन कामी लावण्यात आले, आणि अमेरिकी लष्कराने पूर्वी केव्हातरी केलेल्या कागदी नकाशांतून वस्त्यांची, देवळांची आणि गल्ल्यांची नावे उचलण्यात आली. पहिल्या महिन्याभरात सुमारे सहाशे माणसांनी या कामाला हात लावला. आणि त्यांतील बहुतेकांनी हैतीची भूमी कधी पाहिलेली नव्हती.

या नकाशाचा उपयोग झाला का? झाला, आणि तो अगदी साध्या रूपात झाला. अमेरिकेतील फेअरफॅक्स परगण्याच्या शोधपथकाने तो आपल्या गार्मिनच्या दिशादर्शक यंत्रांत भरला. मॅपअ‍ॅक्शन या ब्रिटिश स्वयंसेवी संस्थेच्या लोकांनी विमानतळाजवळच्या तंबूंत त्याचे मोठे कागद छापून वाटले. आणि संयुक्त राष्ट्रांच्या पाणी, निवारा, आरोग्य इत्यादी विषयांवर रोज भरणाऱ्या बैठकांतून तेच कागद टेबलावर पसरलेले असत. वॉकिंग पेपर्स नावाची एक युक्ती नुकतीच निघाली होती: नकाशाचा तुकडा छापायचा, तो घेऊन गल्लीत हिंडायचे, चुका आणि नावे पेनाने कागदावरच लिहायची, आणि तो कागद पुन्हा यंत्राने वाचून मूळ नकाशात दुरुस्ती करायची. वीज नसलेल्या शहरात ही युक्ती पुष्कळ मोठ्या यंत्रांपेक्षा उपयोगी होती.

याच सुमारास दुसरा एक नकाशा जगभर गाजत होता. केनियात २००८ च्या प्रारंभी निवडणुकीनंतर उसळलेल्या दंगलींची नोंद ठेवण्यासाठी तेथील तरुणांनी उशाहिदी नावाची व्यवस्था उभी केली होती. तीच आता बॉस्टनजवळच्या फ्लेचर विद्यालयातील पॅट्रिक मायर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हैतीसाठी मांडली. डिजिसेल या फोनकंपनीने ४६३६ हा क्रमांक मोफत संदेशांसाठी दिला. रेडिओवरून त्याची दवंडी पिटली गेली. आणि हजारो संदेश येऊ लागले, बहुतेक हैतीच्या क्रेओल भाषेत, जी मदतीला आलेल्यांपैकी फार थोड्यांना समजत होती. तेव्हा जगाच्या अनेक देशांत पांगलेले हैतीचे मूळ रहिवासी, हजाराहून अधिक, संगणकापाशी बसले. त्यांनी संदेश इंग्रजीत आणले इतकेच नव्हे, तर ‘कार्फूमध्ये अमक्या शाळेमागे’ असे कोणी लिहिले असता ती शाळा नकाशावर नेमकी कोठे हे आपल्या बालपणाच्या आठवणीवरून दाखवून दिले. सरासरी दहा मिनिटांच्या आत एकेक संदेश अनुवादित होत असे. प्रशंसेचा मोठा वाटा विद्यापीठांना आणि संगणकतज्ज्ञांना मिळाला. तो न्याय्य नव्हता. त्या नकाशावरची गल्ली जिवंत केली ती परदेशात टॅक्सी चालवणाऱ्या, इस्पितळांत शुश्रूषा करणाऱ्या हैतीयनांनी.

या दुसऱ्या नकाशाविषयी स्तुतीला आवर घालणे भाग आहे. आलेल्या संदेशांपैकी साडेतीन हजारांच्या आसपासच नकाशावर चढले. त्यांतले कित्येक ‘आम्हांला पाणी नाही, अन्न नाही’ असे होते, जे त्या शहरात कोठल्याही चौकात उभे राहिल्यास ऐकू आले असते. अमेरिकी नौसैनिकांनी आणि तटरक्षकांनी काही संदेशांवर धाव घेतली खरी. पण संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेत अशा अर्जांची दखल कोणी घ्यावी याची वहिवाटच नव्हती, आणि २०११ मध्ये हार्वर्डच्या अभ्यासकांनी संयुक्त राष्ट्र फाउंडेशनसाठी लिहिलेल्या अहवालातही नव्या स्वयंसेवकांना आणि जुन्या यंत्रणांना जोडणारा अधिकृत मार्ग नसल्याचे नमूद झाले. शिवाय संकटात सापडलेल्या माणसाचा ठावठिकाणा अशा रीतीने साऱ्या जगापुढे मांडावा का, हा प्रश्न घाईत कोणी विचारला नाही. रस्त्याची निमूट रेघ आणि मदतीची आर्त हाक यांत गाजावाजा हाकेचा झाला; उपयोग रेघेचा अधिक झाला.

आकाशातून पाहण्याच्या मर्यादाही लौकरच उघड्या पडल्या. जागतिक बँकेने तेवीस देशांतील सहाशे तज्ज्ञांना विमानचित्रे वाटून पडलेल्या इमारती मोजवल्या. त्यांनी सुमारे तीस हजार इमारती कोसळलेल्या किंवा अतिशय खचलेल्या म्हणून दाखवल्या. परंतु हैतीतल्या घराची तऱ्हा अशी, की खालचा मजला चेचून गेला तरी वरचे छप्पर जसेच्या तसे खाली बसते, आणि वरून पाहणाऱ्याला घर शाबूत भासते. भिंतीचा तडा तर उपग्रहाला दिसणेच अशक्य. म्हणून अखेरीस हैतीच्या सार्वजनिक बांधकाम मंत्रालयाने अभियंत्यांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवले. चार लाखांवर इमारतींची तपासणी होऊन त्यांच्या भिंतींवर हिरवी, पिवळी किंवा लाल खूण रंगवण्यात आली: निम्म्याहून थोड्या अधिक हिरव्या, सुमारे चतुर्थांश पिवळ्या आणि पंचमांश लाल.

माणसे कोठे गेली, हा आणखी एक प्रश्न. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी, कोणाचेही नाव न पाहता, सुमारे एकोणीस लाख सिमकार्डांच्या हालचाली मनोऱ्यांच्या नोंदींवरून तपासल्या. आणि अनुमान काढले, की जानेवारी संपेपर्यंत सव्वासहा लाखांवर लोकांनी राजधानी सोडली होती आणि ते बहुधा नातलगांच्या गावी गेले होते. छावण्यांतच सारे लोक आहेत असे समजून धान्य पाठवणाऱ्यांना ही माहिती डोळ्यांत अंजन घालणारी होती.

नकाशाचे एक काम मात्र मदत करणाऱ्यांना रुचले नाही. २०१० च्या ऑक्टोबरात हैतीत पटकीची साथ उद्भवली. या देशात ती शंभर वर्षांत कोणी पाहिली नव्हती. फ्रेंच साथतज्ज्ञ रेनो पियारू यांनी हैतीच्या आरोग्य खात्यासह प्रत्येक गावचे रुग्ण आणि तारखा नकाशावर मांडल्या, तेव्हा साथीचा माग आर्तिबोनीत नदीवरून वर वर जात मिरबालेजवळच्या मेय या ओढ्यापाशी, शांतिसेनेच्या एका छावणीच्या मैलपाण्याशी येऊन थांबला. संयुक्त राष्ट्रांनी वर्षानुवर्षे कानांवर हात ठेवले. सुमारे दहा हजार माणसे दगावल्यावर, २०१६ च्या डिसेंबरात, सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली.

ओपनस्ट्रीटमॅपच्या स्वयंसेवकांनी २०१० मध्येच आपली रीतसर संस्था स्थापिली आणि हैतीयन तरुणांना नकाशे करण्यास शिकवण्यासाठी तिची माणसे तेथे जाऊन राहिली. परंतु या अनुभवाचा खरा लाभ घेतला तो नेपाळने. नामराज बुढाथोकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये काठमांडू लिव्हिंग लॅब्ज ही संस्था काढली, आणि खोऱ्यातल्या शाळा, इस्पितळे, गल्ल्या भूकंपाच्या आधीच, दिवसाढवळ्या पायी हिंडून नकाशावर उतरवल्या. २५ एप्रिल २०१५ रोजी गोरखा जिल्ह्यात केंद्र असलेला ७.८ तीव्रतेचा धक्का बसला आणि नऊ हजारांच्या घरात माणसे मेली, तेव्हा राजधानीचा नकाशा तयार होता. जगभरच्या हजारो हातांना सिंधुपाल्चोक आणि गोरखा जिल्ह्यांतल्या दुर्गम खेड्यांच्या वाटा आणि हेलिकॉप्टर उतरू शकेल अशी मोकळी जागा शोधण्याकडे वळवता आले. आणि हे सर्व चालवणारी मंडळी काठमांडूचीच होती. भूकंप यायच्या आधी, तेथल्याच लोकांनी केलेला नकाशा हाच खरा नकाशा, एवढा निर्णय या दोन उदाहरणांवरून निःसंकोचपणे देता येतो.

हैतीत १४ ऑगस्ट २०२१ रोजी पुन्हा ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. या वेळी दक्षिणेच्या द्वीपकल्पात, ले काय आणि जेरेमी या शहरांच्या बाजूला. बावीसशेहून अधिक माणसे गेली. अकरा वर्षांपूर्वी कोरा असलेला कागद आता भरलेला होता आणि राजधानीहून दक्षिणेकडे जाणारा राष्ट्रीय मार्ग क्रमांक दोन त्यावर स्पष्ट रेखलेला होता. परंतु शहराबाहेर पडताना तो मार्तिसां या वस्तीतून जातो, आणि जून महिन्यापासून ती वस्ती सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात होती. त्यामुळे मदतीचे ट्रक टोळ्यांनी वाट देईपर्यंत खोळंबले, आणि पहिले सामान विमानांनी व समुद्रमार्गे पाठवावे लागले.